शॉट की ड्राइव्ह? न मारलेल्या शॉटचा हिशेब

बास्केटबॉलमधला एक नेहमीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. संघाचा स्टार खेळाडू चेंडू घेऊन बास्केटकडे घुसतो, दोन डिफेंडर त्याच्यावर धावून जातात आणि तो चेंडू कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या साथीदाराकडे फेकतो. हा साथीदार म्हणजे रोल प्लेअर. त्याच्यासाठी कुणी डाव आखत नाही, पोस्टरवर त्याचा फोटो नसतो. डिफेन्स करायचा, धावायचं, आणि चेंडू आलाच तर योग्य ते करायचं, एवढंच त्याचं काम. आता त्याचा डिफेंडर आतून परत त्याच्याकडे धावत येतोय. हातात फार तर एक सेकंद आहे. तिथूनच शॉट मारायचा, की ड्रिबल करत आत ड्राइव्ह करायचा?

असे सेकंद साठत जातात आणि त्यांवरून त्याला मैदानावर मिनिटं मिळतात की बाक, पुढचा करार मिळतो की नाही, हे ठरतं. मला स्वतःला हा प्रश्न आवडतो तो जरा वेगळ्या कारणासाठी. संशोधनाची तयारी करताना 'सिलेक्शन बायस' ही संज्ञा आपण पाठ करतो आणि विसरतो. इथे ती धावताना दिसते.

आधी सोपा हिशेब. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, तीन गुणांची रेषा १९७९-८० च्या हंगामात आली. ही रेषा समोरून २३ फूट ९ इंचांवर आहे, पण कोपऱ्यात फक्त २२ फुटांवर, कारण मैदानाची रुंदीच तिथे पुरत नाही. म्हणजे कोपऱ्यातला शॉट पावणेदोन फुटांनी जवळचा, आणि गुण तेवढेच. लीगमधले साधारण ३६ टक्के थ्री-पॉइंटर आत जातात. ३ × ०.३६ = १.०८ गुण. दोन गुणांच्या शॉटमधून एवढेच मिळवायचे तर ५४ टक्के शॉट आत जायला हवेत. पहिल्या हंगामात एक संघ सामन्याला तीनसुद्धा थ्री-पॉइंटर मारत नव्हता, आज तीसच्या वर मारतो. त्यामागे मुख्यतः हा एका ओळीचा गुणाकार आहे.

मग उत्तर मिळालं? मारा शॉट! थांबा. ड्राइव्ह म्हणजे दोन गुणांचा शॉट नव्हे. ड्राइव्हनंतर काय काय होऊ शकतं ते मांडून बघू. हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, मोजलेले नाहीत. १० टक्के वेळा चेंडू गमावला: शून्य गुण. १५ टक्के वेळा फाउल मिळाला, दोन फ्री थ्रो, ७५ टक्क्यांनी दीड गुण. ३० टक्के वेळा स्वतःच जवळून शॉट मारला, निम्मे आत: एक गुण. उरलेल्या ४५ टक्के वेळा मदतीला दुसरा डिफेंडर आला, चेंडू तिसऱ्याच मोकळ्या साथीदाराकडे गेला, त्याने ३८ टक्क्यांनी थ्री-पॉइंटर मारला: १.१४ गुण. बेरीज करा: ०.२२५ + ०.३० + ०.५१३ = १.०३८. याला तीनने भागलं की ३४.६ टक्के. म्हणजे या खेळाडूचा कोपऱ्यातला शॉट ३४.६ टक्क्यांपेक्षा जास्त वेळा आत जात असेल तर शॉट, नाहीतर ड्राइव्ह.

आता फक्त एक बदल करा. हाच खेळाडू ड्रिबल करताना गडबडतो, १० ऐवजी २० टक्के वेळा चेंडू गमावतो आणि तेवढेच पास कमी होतात. ड्राइव्हची किंमत ०.९२ वर येते आणि सीमारेषा जवळजवळ ३१ टक्क्यांवर घसरते. ३२ टक्के शॉट आत जाणारे दोन खेळाडू आहेत. एकाने ड्राइव्ह करावा, दुसऱ्याने शॉट मारावा. "याचा शॉट कच्चा आहे, याने मारू नये" हे टीव्हीवरच्या तज्ज्ञांचं आवडतं वाक्य अर्धवट आहे ते यामुळे. कच्चा कुणापेक्षा? स्टीफन करीशी तुलना इथे निरुपयोगी आहे. तुलना त्याच खेळाडूच्या, त्याच क्षणीच्या दुसऱ्या पर्यायाशी व्हायला हवी.

याचं माझं लाडकं उदाहरण म्हणजे सॅन अँटोनियो स्पर्सचा ब्रूस बोवेन. २००२-०३ च्या हंगामात थ्री-पॉइंटरच्या टक्केवारीत तो अख्ख्या लीगमध्ये पहिला होता: ४४.१ टक्के. आणि फ्री थ्रो, म्हणजे समोर कुणी नाही, घाई नाही, फक्त १५ फुटांवरून मारायचं? ४०.४ टक्के! अशा माणसाला आत घुसून फाउल मिळाला तरी दोन फ्री थ्रोमधून ०.८१ गुण, कोपऱ्यात थांबला तर १.३२. बहुतेकांसाठी फाउल मिळणं हे ड्राइव्हचं बक्षीस असतं, बोवेनसाठी तो तोटा होता. तो कोपऱ्यातच उभा राहायचा. स्पर्स त्या वर्षी विजेते ठरले.

इथवर सगळं गणित. खरी अडचण इथून पुढे आहे.

२०१३-१४ पासून एनबीएच्या प्रत्येक मैदानावर कॅमेरे बसले. खेळाडू आणि चेंडू कुठे आहेत याची नोंद सेकंदाला २५ वेळा होऊ लागली. समजा, या नोंदींतून तुम्ही एका रोल प्लेअरचे आकडे काढले: त्याच्या ड्राइव्हमधून सरासरी १.१५ गुण आले, शॉटमधून १.०२. कोचला सांगाल का, की याला जास्त ड्राइव्ह करायला लावा?

सीएसआयआर-नेटचा 'क' भाग आठवा. लाइफ सायन्सेसमध्ये ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे, चुकलं तर गुण कापले जातात. तुम्ही इकॉलॉजीचे फक्त तीन प्रश्न सोडवले आणि तिन्ही बरोबर आले, म्हणून कुणी तुम्हाला "अरे, तुझी इकॉलॉजी शंभर टक्के आहे, सगळे इकॉलॉजीचेच सोडव" असं सांगितलं तर? ते तीन तुम्ही निवडले होते. चौथा तुम्ही सोडला तो येत नव्हता म्हणूनच. रोल प्लेअरचंही तेच. डिफेंडर तोल जाईल इतक्या वेगाने अंगावर आला की हा त्याला चुकवून आत जातो. त्याचे ड्राइव्ह हे निवडलेले, सोपे ड्राइव्ह आहेत. सरासरी त्यांची आहे. कोचच्या सांगण्यावरून वाढतील ते ड्राइव्ह मात्र आजवर त्याने सोडून दिलेल्या क्षणांतले असतील, आणि त्यांची नोंद तुमच्या फाइलमध्ये नाही. सेकंदाला २५ च्या जागी २५० नोंदी घेतल्या तरी न झालेली गोष्ट कॅमेऱ्यात येत नाही.

अर्थशास्त्रवाले याला सरासरी आणि सीमांत यांतला फरक म्हणतील. ब्रायन स्किनर या भौतिकशास्त्रज्ञाने २०१० मध्ये हाच मुद्दा रस्त्यावरच्या रहदारीच्या गणितातून मांडला. प्रत्येक गाडी आपल्यापुरता सर्वांत जवळचा रस्ता पकडते, तो तुंबतो आणि सगळ्यांनाच उशीर होतो. तसंच प्रत्येक वेळी सर्वांत चांगल्या सरासरीचा शॉट घेत गेलात तर डिफेन्स तिथेच गर्दी करतो आणि संघाचे एकूण गुण कमी होऊ शकतात. संघ उत्तम खेळत असेल तेव्हा पर्यायांच्या सीमांत किमती सारख्या होतात. सरासऱ्या वेगवेगळ्या राहू शकतात. म्हणजे १.१५ आणि १.०२ या फरकावरून काहीच सिद्ध होत नाही. (स्किनरचा २०१२ चा दुसरा पेपरही जरूर वाचा. त्यात त्याने दाखवलंय की एनबीए खेळाडू शॉट मारायला जरा जास्तच थांबतात आणि दरम्यान चेंडू गमावण्याचा धोका कमी लेखतात. मॉडेल इतकं साधं आहे की एमएस्सीच्या पहिल्या वर्षालाही झेपेल.)

नमुन्याच्या आकाराबद्दल दोनच वाक्यं. हंगामात २०० थ्री-पॉइंटर मारणाऱ्या ३६ टक्क्यांच्या खेळाडूची प्रमाणत्रुटी जवळपास ३.४ टक्के येते, म्हणजे एका हंगामावरून ३३ वाला आणि ३८ वाला वेगळे ओळखता येत नाहीत. आणि एका सामन्यात तर काहीही होतं: २०१८ च्या पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतल्या सातव्या सामन्यात ह्यूस्टन रॉकेट्सचे सलग २७ थ्री-पॉइंटर चुकले, ४४ पैकी ७ आत गेले आणि संघ स्पर्धेबाहेर गेला.

तरी मत द्यायचंच तर माझं असं: मोकळा पास आला तर शॉट, डिफेंडर बेफाम धावत आला तर एक-दोन ड्रिबल आणि पास, चेंडू धरून विचार करत बसणं हा सर्वांत वाईट पर्याय, कारण तेवढ्यात डिफेन्स सावरतो आणि दोन्ही दारं बंद होतात.

पण वरच्या हिशेबात मी एक गोष्ट मुद्दाम गृहीत धरली होती: डिफेंडर धावत येतो. तो का येतो? शॉटची भीती असते म्हणून. २०१५ च्या प्लेऑफमध्ये दुसऱ्या फेरीत मेम्फिस ग्रिझलीज गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध २-१ ने पुढे होते. मेम्फिसचा टोनी ॲलन हा अफाट डिफेंडर, पण कारकीर्दीतली थ्री-पॉइंटरची टक्केवारी तीसच्या खाली. चौथ्या सामन्यात वॉरियर्सने त्याच्यावर आपला सेंटर अँड्र्यू बोगट नेमला. नेमला कागदावरच, बोगट बास्केटजवळ उभा राहिला आणि ॲलनला बाहेर मोकळं सोडलं. ॲलनने शॉट मारले, ते चुकले. ड्राइव्ह करावा तर चुकवायला समोर कुणी नाही, आणि आत बोगट आधीच उभा. त्याच्या साथीदारांना, रँडॉल्फ आणि गॅसोल यांनाही, आत जागा उरली नाही. ॲलनची मिनिटं कमी झाली. वॉरियर्सने तो आणि पुढचे दोन्ही सामने जिंकले.

आता माझं झाडासारखं मांडलेलं गणित ॲलनसाठी पुन्हा करून बघा. ४५ टक्के वेळा "मदतीला दुसरा डिफेंडर आला" ही फांदीच तुटते, कारण मदतनीस आधीपासून आतच आहे. १.०३८ मधला जवळजवळ निम्मा भाग त्या फांदीचा होता. शॉट आणि ड्राइव्ह हे दोन स्वतंत्र स्तंभ समजून तक्ता बनवला तर हे दिसतच नाही. ३३ टक्क्यांच्या खेळाडूने मारलेला शॉट ०.९९ गुण देतो, आणि शिवाय पुढच्या वेळी डिफेंडरला अंगावर धावून यायला भाग पाडतो. ही दुसरी किंमत त्याच्या नावावर नोंदली जात नाही. ती पुढच्या ड्राइव्हमध्ये दिसते, बऱ्याचदा दुसऱ्याच खेळाडूच्या.