खेच रे, अजून एकदा!

कोलाडला राफ्टिंगला गेला असाल तर कुंडलिका तुम्हाला माहीत आहे. भिऱ्याच्या १९२७ सालच्या वीजघरातून पाणी सुटतं, तुम्ही हेल्मेट घालून किंचाळता, फोटो काढता, मिसळ खाता आणि घरी. पण तीच नदी रोह्याच्या खाली गेली की तिचा मूडच बदलतो. तिथून रेवदंड्यापर्यंत ती खाडी. भरतीला चढते, ओहोटीला चिखल उघडा टाकून निघून जाते. माझ्या काकांची होडी तिथे असते.

काका चौसष्ट वर्षांचे. आयुष्यभर वल्ह्यावर खाडी मारली. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा त्यांचा उजवा खांदा वर जात नव्हता. जेवताना एकदम म्हणाले, ''होडी विकून टाकतो आता.'' ज्या घरात जिताडा विकत आणणं म्हणजे नाचक्की, तिथे हे ऐकून काकूचा वाढता हात थांबला. मी आयटीवाला, वजन उचलायचं म्हणजे लॅपटॉपची बॅग. पण त्या रात्री ठरवलं, काकांच्या होडीला आउटबोर्ड बसवायची.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची मोटर. वर इंजिन, खाली दांडा, टोकाला पंखा. आपल्याकडच्या मोठ्या मच्छीमार होड्यांत डिझेल इंजिन आतच बसवलेलं असतं. ही छोट्या होडीची चैन. अमेरिकेतल्या ओले एव्हिनरूडनं १९०९ मध्ये ती बाजारात खपवून दाखवली. गोष्ट अशी सांगतात, की मैत्रिणीसाठी तलावापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्हवता वल्हवता ते वितळलं, म्हणून पठ्ठ्यानं मोटरच काढली. रोमँटिक ना? माझा रोमान्स सत्तावीस किलोचा होता.

नवी परवडेना. अलिबागकडच्या एका वॉटर स्पोर्ट्सवाल्यानं जुनी दिली. आठ हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. ''एकदम मक्खन चालते,'' म्हणाला. पेणच्या आमच्या घरामागे प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाणी भरून ती लटकवली आणि दोरी खेचली. सतरा वेळा. हाताला फोड, शेजारची पोरं कठड्यावर बसून मोजतायत. माझा जाहीर पोपट.

आणि इथेच खरी अडचण लक्षात आली. सतराव्या खेचीला का होईना, सुरू झाली असती तर मी खूश झालो असतो. पण खांदा गेलेल्या माणसाला सतरा खेचींची मोटर काय कामाची? त्यापेक्षा वल्ही बरी. ती दोन खेचींत लागायला हवी, तीसुद्धा डाव्या हातानं, भर ओहोटीत.

मग पेणमधला एक जुना स्कूटर मेकॅनिक गाठला. सगळे त्याला मामा म्हणतात. १९९६ मध्ये बंद झालेल्या आरएक्स १०० घेऊन पोरं अजून त्याच्याकडे येतात. टू-स्ट्रोकचा शेवटचा डॉक्टरच म्हणा. त्यानं मोटरीकडे बघितलंसुद्धा नाही. आधी दोन्ही प्लग काढले, कॉम्प्रेशनचं गेज लावलं. एका सिलिंडरचा आकडा ११०, दुसऱ्याचा १०५. ''दोघांत फारसा फरक नाही ना? मग हिच्यावर पैसे घाल. एक जरी साठवर असतं, तर भंगारात दे म्हटलं असतं.'' सेकंडहॅण्ड मोटर घेणाऱ्यानं ही चाचणी पैसे देण्याआधी करायची असते. मी नंतर केली. नशीब.

प्लग तेलानं काळेकुट्ट. विकणाऱ्यानं ऑइल हात सैल सोडून ओतलं होतं. प्रमाण साधं आहे. आमच्या मोटरीला पन्नासास एक, म्हणजे लिटरभर पेट्रोलला वीस मिली. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर प्लग ओले. ऑइलही स्कूटरचं चालत नाही. स्कूटरचं इंजिन हवेवर थंड होतं, तापूनच चालतं. हिला खाडीचं पाणी सतत थंड ठेवतं. म्हणून टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं आउटबोर्डचंच ऑइल.

कार्बुरेटर उघडला तर आत वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर, गुळाच्या पाकासारखा. मी टाचणी घेऊन जेट कोरायला निघालो, तर मामानं हातावर चापट मारली. जेटचं भोक टाचणीनं वाढलं की मिश्रणाचं गणितच संपलं. क्लीनरमध्ये भिजवलं आणि पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारली. पेट्रोलची नळी आणि तिच्यावरचा रबरी फुगा सरळ बदलले. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर खातं आणि हवेतली ओल ओढतं. खाडीकाठी ओलीला काय तोटा! म्हणून पंधरा दिवसांपेक्षा जुनं पेट्रोल टाकीत ठेवायचं नाही, आणि मोटर ठेवून देताना नळी काढून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची, म्हणजे कार्बुरेटर रिकामा.

खालच्या गिअरचं ऑइल सोडलं तर कटिंग चहाच्या रंगाचं. म्हणजे आत पाणी. पंखा काढला, तर मागे दांड्याला जाळ्याचा नायलॉन दोरा करकचून गुंडाळलेला. त्यानंच सील कापलं होतं. मात्र सील पेणच्याच बेअरिंगच्या दुकानात मिळालं. त्याच्यावर माप छापलेलं असतं, ब्रॅण्ड विचारावा लागत नाही. पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर मात्र ओरिजिनलच लागतो. जुन्याची दोन पाती तुटली होती, आणि मामानं ते तुकडे पाण्याच्या वाटेतून शोधून काढेपर्यंत मला उठू दिलं नाही. नवा यायला दोन आठवडे गेले.

मग ड्रममध्ये तिसऱ्या खेचीला भुर्रर्र! मागून पाण्याची बारीक धार. ही धार दिसते तोवर इंजिन थंड होतंय. कठड्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. शनिवारी टेम्पोनं रोह्याला.

काका, मी, दोन लाइफ जॅकेट. (काकांनी ते उशीसारखं मांडीखाली घेतलं. भांडण. मग घातलं.) ओहोटी नुकतीच लागलेली. मोटर लागली, काका पहिल्यांदा नुसते बसून खाडी बघत होते. बारा मिनिटं. मग ती खोकली आणि बंद. पाच मिनिटं थांबून खेचली, तर सुरू. परत बंद. तिसऱ्यांदा तेच. मी प्लग काढतोय, घाम गाळतोय, आणि पाणी आम्हाला खाली ओढतंय. काकांनी एका हातानं वल्हं मारत होडी कडेला घेतली. तासाभरात आम्ही चिखलावर. चिखल मांडीएवढा, उतरायची सोय नाही. भरती-ओहोटीत साधारण सव्वासहा तास. सोमवारचं प्रेझेंटेशन आठवलं, तर तिथे रेंज नाही.

काकांनी विडी विझवली, बाजूला टाकली आणि पेट्रोल किती उरलंय बघायला टाकीचं झाकण फिरवलं.

फुस्स!

आम्ही एकमेकांकडे बघितलं. झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो, तो मी प्रवासात पेट्रोल सांडू नये म्हणून घट्ट आवळला होता. पेट्रोल बाहेर जातं तसं आत हवा यायला हवी, नाहीतर टाकीत पोकळी होते आणि मोटरला पेट्रोल ओढता येत नाही. ड्रममध्ये आम्ही पाच-पाच मिनिटंच चालवायचो, तेही न्यूट्रलमध्ये. पेट्रोल संपायचंच किती? म्हणून दोष दिसलाच नाही. आता मोटर ठणठणीत होती. फक्त पाणी नव्हतं.

रात्री साडेआठला भरतीनं उचललं. काकांनी डाव्या हातानं खेचली, दुसऱ्या खेचीला लागली. काकू काठावर बॅटरी घेऊन उभी होती. ती मला काय म्हणाली ते इथे छापता येणार नाही.

नंतरचे सगळे वीकएन्ड मी मोटर अर्धा-अर्धा तास भर वेगात चालवली, बंद केली, तापलेली असतानाच पुन्हा सुरू केली. प्रत्येक वेळी गोड्या पाण्यानं धुतली. महिन्यानं गिअरचं ऑइल पाहिलं, स्वच्छ निघालं. मग काकांना किल्ली, म्हणजे दोरी, सुपूर्द केली.

होडी विकायचं कोणी काढत नाही. काका निघण्याआधी टाकीचा स्क्रू सोडून झाकणावर बोटानं दोनदा टकटक करतात. वल्ही काढून ठेवलेली नाहीत, ठेवणारही नाहीत. मागच्या अमावास्येला सकाळी सातला फोन आला, मी ऑफिसच्या बसमध्ये. मागे मोटरीचा आवाज.

''जिताडा गावला. दोन किलोचा असंल. येताना जादा दोरी आण. आन् तो रबराचा पंप असतो ना आतला, इंपेलर, तो पन आण. दोन आण.''