आईच्या दुधातली गाय

बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे दुधातलं एक प्रथिन. गाय ते बनवते, म्हैस बनवते, शेळी-मेंढीही बनवतात. माणसाला ते बनवता येत नाही. तेव्हा बाईच्या अंगावरच्या दुधात ते असायचं काही कारणच नाही. तरीही संशोधकांनी पाजत्या आयांचं दूध तपासलं, तेव्हा जवळपास निम्म्या जणींच्या दुधात ते सापडलं.

आलं कुठून? सकाळी तिनं कपभर दूध घेतलं होतं, त्यातून. जठरातल्या आम्लानं आणि आतड्यातल्या पाचकरसांनी त्या दुधाची पुरती चिरफाड केली, पण थोडे रेणू या सगळ्यातून निसटले. ते आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरले, रक्तातून स्तनात पोचले आणि काही तासांनी बाळाच्या पोटात उतरले. प्रथिनांची आधी अमिनो आम्लं होतात आणि मगच ती शोषली जातात, असं आपण शाळेत शिकलो. ते खरंच आहे, फक्त निसर्ग ते शंभर टक्के पाळत नाही. अंड्यातलं, गव्हातलं, शेंगदाण्यातलं प्रथिनही असंच दुधात येतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २३ आयांना ५० ग्रॅम शेंगदाणे खायला दिले, तर त्यांतल्या ११ जणींच्या दुधात शेंगदाण्याचं प्रथिन आलं, बहुतेकींच्या बाबतीत तास-दोन तासांतच.

म्हणजे ‘आई खाईल ते बाळाला बाधतं’ हे आजीचं म्हणणं खरं? वांगं नको, वाल नको, हरभऱ्याची डाळ वातूळ, बटाट्यानं बाळाला गॅस होतो, ताक घेतलंस तर त्याला सर्दी होईल. शेवटी बिचारीच्या ताटात मऊ भात, तूप आणि मेतकूट एवढंच उरतं. आजीच्या बोलण्यातला ‘पोचतं’ हा भाग बरोबर आहे. किती पोचतं आणि काय पोचतं, हे पाहिलं की चित्र पालटतं.

आधी ‘किती’. गाईच्या लिटरभर दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन सुमारे ३ ग्रॅम असतं. आईच्या दुधात ते नॅनोग्रॅममध्ये मोजावं लागतं, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. समजा, मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम आहे आणि बाळ दिवसाला पाऊण लिटर पितं. तर दिवसभरात त्याच्या पोटात ४ मायक्रोग्रॅमसुद्धा जात नाहीत. गाईच्या दुधाच्या एकाच थेंबात मात्र दीडशे मायक्रोग्रॅम असतं. त्या एका थेंबाएवढा ऐवज आईकडून मिळायला बाळाला महिन्याहून जास्त दिवस लागतील!

इतक्या सूक्ष्म मात्रेचं बहुतेक बाळांना काहीही होत नाही. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात अशी दुधाची ठसठशीत ॲलर्जी असलेली बाळं घेतली, तरी त्यांतल्या ९९ टक्क्यांहून अधिक बाळांना त्रास व्हायला लागेल त्यापेक्षा आईच्या दुधातली मात्रा कमी भरते, असा हिशेब २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मांडला आहे. शिवाय हे परकं प्रथिन एकटं येत नाही. आईच्या आतड्यात त्याला भेटलेल्या रोगप्रतिकारक पेशींपैकी काही प्रवास करत स्तनात येऊन स्थिरावतात आणि तिथे प्रतिपिंडं तयार करतात. अनोळखी पाहुणा दारात यावा आणि त्याची ओळख करून देणारा घरचा माणूस त्याच्याबरोबरच असावा, तसं हे. उंदरांवरच्या प्रयोगांत तर आईच्या दुधातून आलेल्या परक्या प्रथिनामुळे पिल्लांना ॲलर्जी होण्याऐवजी ते सोसण्याची सवय लागली.

आता ‘काय’. वाल आणि कोबी खाऊन आईला गॅस होतो, तो तिच्या मोठ्या आतड्यात. तिथले जीवाणू न पचलेला चोथा आंबवतात, त्यातून वायू सुटतो. तो चोथा रक्तात जातच नाही. वायूतला थोडा भाग रक्तात विरघळतो, तो फुप्फुसांतून श्वासावाटे निघून जातो. दुधातून बुडबुडे बाळाकडे जायला रस्ताच नाही.

दुसरा गैरसमज लॅक्टोजचा, आणि हा आजीचा नाही, सुशिक्षितांचा आहे. ‘बाळाला लॅक्टोज चालत नाही, म्हणून मी दूध सोडलं’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. पण आईच्या दुधातली ही साखर ती पिते त्या दुधातून येत नाही, स्तनातल्या पेशी ती जागेवर घडवतात. जन्मभर दुधाला न शिवलेल्या बाईच्या दुधातही १०० मिलिलिटरला सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज असतं, गाईच्या दुधापेक्षा जवळजवळ दीडपट. ते पचवणारं विकर जन्मतःच नसलेली बाळं असतात, पण इतकी विरळ की हा आजार जिथे सर्वांत जास्त आढळतो त्या फिनलंडमध्येही त्याचं प्रमाण साठ हजारांत एक आहे. जोराच्या जुलाबानंतर काही दिवस बाळाला लॅक्टोज पचायला जड जातं, हे खरं. त्यावरही आईनं दूध सोडणं हा उपाय नव्हे.

आईच्या दुधात बाळाला अजिबात न पचणाऱ्या शर्कराही असतात, दीडशेहून अधिक प्रकारच्या. लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर दुधातल्या घन पदार्थांत तिसरा नंबर त्यांचाच लागतो. आई एवढी शक्ती खर्चून बाळाला न पचणारं अन्न का बनवते? कारण ते बाळासाठी नाहीच. बाळाच्या आतड्यात वस्तीला आलेल्या बिफिडोबॅक्टेरियम जातीच्या जीवाणूंचं ते जेवण. मला या सगळ्या विषयात याहून थक्क करणारी गोष्ट सापडलेली नाही.

आणि लसूण! बाळंतिणीला लसणाची चटणी आवर्जून देतात, त्यानं दूध वाढतं म्हणतात. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रात ज्युली मेनेला आणि गॅरी बोशाँ यांनी १९९१ साली आयांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या. साधारण दोन तासांनी त्यांच्या दुधाला वेगळा वास येऊ लागला, आणि बाळांनी तोंड फिरवलं नाही, उलट ती नेहमीपेक्षा जास्त वेळ अंगावर राहिली. म्हणजे घरच्या फोडणीची तोंडओळख बाळाला पहिल्या घासाच्या कितीतरी आधी झालेली असते. चहाचं मात्र जरा जपून. दुधात उतरणारं कॅफिन थोडंच असतं, पण मोठ्या माणसाच्या शरीरातून पाच-सहा तासांत निम्मं होणारं कॅफिन नवजात बाळाच्या शरीरात निम्मं व्हायला तीन-चार दिवस लागू शकतात. दोन-तीन कपांनी काही बिघडत नाही. आल्यागेल्याबरोबर दिवसभर कप होत असतील, तर मोजायला हवेत.

मग बाळ एवढं रडतं कशानं? १९६२ साली बेरी ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञानं ८० आयांना बाळाच्या रडण्याची रोज नोंद ठेवायला सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात निरोगी बाळं दिवसाला सुमारे पावणेदोन तास रडत होती, सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास. तिथून रडणं आपोआप उतरत गेलं. सर्वांत जास्त रडणं संध्याकाळचं. आपल्याकडे तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात, ती वेळ नेमकी हीच.

सगळी मेख इथे आहे. सहाव्या आठवड्यात घर टेकीला येतं, कोणीतरी सांगतं की वांगं बंद कर, आणि दोन आठवड्यांनी बाळ शांत होतं. वांगं गुन्हेगार ठरतं. त्याच दिवशी कोणी दृष्ट काढली असती, ग्राइप वॉटर पाजलं असतं किंवा नुसतंच कपाळाला हात लावून बसलं असतं, तरी बाळ तेव्हाच शांत झालं असतं. आठवं अपत्य असो की पहिलं, हा चकवा सगळ्यांना पडतो.

तो चकवा कसा टाळायचा, हे स्वीडनमधल्या माल्मो शहरात इरेन याकोबसन आणि टोर लिंडबर्ग यांनी १९७८ साली दाखवलं. पोटदुखीनं कळवळून रडणाऱ्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांच्या १८ आयांचं गाईचं दूध त्यांनी बंद केलं. १३ बाळांचं रडणं थांबलं. इथवर कोणीही गेलं असतं. त्यांनी आयांना दूध पुन्हा सुरू करायला लावलं, आणि १२ बाळं पुन्हा रडू लागली. पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत, त्यामुळे प्रत्येक रडणाऱ्या बाळामागे दूधच आहे असं कोणी समजू नये. पण पद्धत अस्सल होती: काढून पाहा आणि परत घालून पाहा.

दुपट्यावर रक्ताच्या बारीक रेघा दिसल्या की मात्र आईचा जीव उडतो. वजन छान वाढतंय, बाळ हसतंय, पण पिवळ्या मोहरीच्या दाण्यांसारख्या शीत लाल धागा. कधी हे रक्त आईच्या चिरलेल्या स्तनाग्राचं असतं, बाळानं गिळलेलं, तर कधी गुदद्वाराच्या छोट्या चिरेचं. काहींच्या बाबतीत खरोखरच दुधाच्या प्रथिनानं आतड्याला सूज आलेली असते. फिनलंडमध्ये अशा ४० बाळांचा अभ्यास झाला, त्यांतल्या फक्त १८ टक्के बाळांना दुधाची ॲलर्जी निघाली. बाकीच्यांचं रक्त आपलं आपणच थांबलं.

डेन्मार्कमधल्या ओडेन्सेच्या अभ्यासानं तर मला जागीच थांबवलं. तिथे १७४९ नवजात बाळांवर वर्षभर लक्ष ठेवलं. फक्त अंगावर पिणाऱ्यांपैकी ९ बाळांना गाईच्या दुधाची ॲलर्जी निघाली. मग रुग्णालयाचे जुने कागद काढून पाहिले, तर या नऊच्या नऊ बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत वरचं दूध पाजलेलं होतं, काहींच्या आयांच्या नकळत. आधी थेंबाचा हिशेब केला तो आठवा. चार चमचे वरच्या दुधात किती थेंब असतील! नऊ बाळांवरून नियम सांगता येत नाही. पण ‘अजून दूध उतरलं नाही, तोवर बाहेरचं द्या’ म्हणणाऱ्यांनी हे वाचायला हवं. पहिल्या दोन दिवसांत येतो तो चीक एका वेळी चमचाभरच असतो आणि बाळाचं पोटही लहानच असतं. डॉक्टरांनी कारण सांगून वरचं दिलं, तर गोष्ट वेगळी.

तर संशय आलाच, तर करायचं काय? बालरोगतज्ज्ञांशी बोलून एकच पदार्थ बंद करायचा, बहुधा दूध, दोन ते चार आठवडे. पाजणं चालूच ठेवायचं. बंद म्हणजे दही, ताक, पनीर, खवा, श्रीखंडही बंद. तुपात प्रथिनाचा अंश राहू शकतो, म्हणून तेवढे दिवस डिंकाचे लाडू फडताळात. बिस्किटं, पाव आणि चॉकलेटच्या वेष्टनावर दुधाची भुकटी लिहिली आहे का ते वाचायचं. म्हशीच्या किंवा शेळीच्या दुधावर जाऊन उपयोग नाही, त्यांची प्रथिनं गाईच्या भावकीतलीच. अळिवाची खीर नारळाच्या दुधात छान होते. पाजत्या आईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिळतं. तीळ आहेत, उरलेल्यासाठी डॉक्टर गोळ्या देतील.

बाळाला हिरवी उलटी झाली, ताप आला, शीत बरंच रक्त किंवा लाल जेलीसारखं काही दिसलं, वजन वाढेना, श्वास लागला किंवा तोंड सुजलं, तर पथ्याचे प्रयोग न करता थेट रुग्णालय गाठायचं. अशा बाळाच्या बाबतीत दूध परत सुरू करायचं तेही घरी नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

बाकीच्यांनी परत सुरू करायचंच. आईनं पुन्हा नेहमीसारखं दूध-दही खायचं आणि आठवडाभर पाहायचं. त्रास परतला, तर निदान पक्कं. मग काही महिने पथ्य, आणि बहुतेक बाळांना वर्षाच्या आसपास दूध सोसू लागतं. काहीच झालं नाही, तर दूध निर्दोष सुटलं. नेमकी हीच पायरी घरोघर गळते. एकदा बाळ शांत झालं की परत विषाची परीक्षा कोण घेणार, म्हणून बाळंतीण महिनोन्‌महिने दूध नाही, डाळ नाही, भाजी नाही अशी अर्धपोटी राहते.

म्हणून आजी, आत्या, मावशी आणि नवरेमंडळींना एकच विनंती. तिच्या ताटातला पदार्थ काढाल, त्याच दिवशी तो परत वाढायची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा.