शिट्टी दिसली पाहिजे

खो-खोत पाठीवर थाप मारायची आणि त्याच वेळी ‘खो’ म्हणायचं, असा नियम आहे. ऐकू न येणाऱ्या मुलीला शब्द पोचला नाही तरी थाप कळते आणि ती उठून पळते. कबड्डीत मात्र चढाई करणाऱ्याला ‘कबड्डी, कबड्डी’ असा स्पष्ट उच्चार करत राहावं लागतं आणि पंच तो कानानेच तपासतो. ज्याचे उच्चार अस्पष्ट आहेत, तो मुलगा कितीही चपळ असला तरी इथे अडतो. दोन्ही खेळ आपल्याच मातीतले आणि शाळेच्या एकाच मैदानावर चालणारे. खेळामुळे कर्णबधिर मुलांचा आत्मसन्मान वाढतो का, या प्रश्नाचं उत्तर शोधताना आधी हे पाहावं लागतं की खेळायला लागणारी माहिती त्या मुलापर्यंत कुठल्या वाटेने पोचते.

आत्मसन्मान मोजण्यासाठी मॉरिस रोझेनबर्ग यांची 1965 सालची दहा विधानांची प्रश्नावली आजही जगभर वापरतात. सुझन हार्टर या मानसशास्त्रज्ञांनी त्यात महत्त्वाची भर घातली. मूल स्वतःकडे एकाच नजरेने पाहत नाही, असं त्यांनी दाखवलं. अभ्यासात मी कशी, खेळात कशी, मित्रांमध्ये मला किती जागा आहे, असे वेगवेगळे हिशेब ते मनात ठेवतं.

आता कर्णबधिर मुलाचा दिवस पाहा. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या घरी जन्मतात. वर्गात ओठांच्या हालचाली आणि अर्धवट आवाज यांवरून अंदाज बांधत बसायचं. त्या ताणाने संध्याकाळपर्यंत डोकं शिणतं. घरी जेवताना सगळे हसले आणि त्याने कारण विचारलं, तर उत्तर मिळतं, “काही नाही रे, नंतर सांगते.” ते ‘नंतर’ बहुधा येत नाही. आईच्या मनात दुष्टावा नसतो, पण रोज रोज हेच घडलं की आपण मोजण्यात नाही, हे मुलाच्या मनात घट्ट बसतं.

मैदानावर निकाल डोळ्यांसमोर लागतो. चेंडू जाळीत गेला की नाही, काल तीन फेऱ्या झाल्या होत्या आणि आज चार झाल्या, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. हार्टर यांच्या हिशेबातला ‘खेळात मी कसा’ हा रकाना असा भरत जातो. ‘मित्रांमध्ये माझी जागा’ हा रकाना मात्र आपोआप भरत नाही. शिट्टी वाजली, सगळे थांबले आणि हा एकटाच पळत राहिला, तर तोच खेळ त्याला पुन्हा एकटं पाडतो. म्हणूनच ‘मुलाला खेळात घाला, आत्मविश्वास येईल’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. खेळणाऱ्या कर्णबधिर मुलांचा आत्मसन्मान जास्त असल्याचं एखाद्या पाहणीत दिसलं, तरी तो खेळामुळे वाढला की मुळातच धीट असलेली मुलं मैदानाकडे वळली, हे एका पाहणीतून ठरत नाही.

पालकांच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. ऐकण्याचा आणि तोल सांभाळण्याचा अवयव आतल्या कानात अगदी शेजारी-शेजारी असतो. त्यामुळे काही कर्णबधिर मुलांचा तोल कच्चा असतो. ती उशिरा चालू लागतात, सायकल शिकताना घाबरतात, अंधारात अडखळतात. अशा मुलाला ‘धांदरट’ म्हणून मोकळं होणं फार अन्यायाचं आहे. एका पायावर उभं राहणं, जमिनीवरच्या रेषेवरून चालणं, मग हळूहळू उड्या, असा रोजचा सराव केला की नजर आणि पायांचे स्नायू ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात.

कानाच्या मशीनचा प्रश्न नवी मुंबईत जास्तच जाणवतो. खाडीकाठची दमट हवा, त्यात घाम. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. ओलाव्याने मशीन बिघडतं. म्हणून खेळताना डोक्याला पट्टी, खेळून आल्यावर मशीन पुसणं आणि रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवणं, एवढं नेमाने करावं. कॉक्लिअर इम्प्लांट असेल, तर डोक्याला मार बसू शकेल असे खेळ निवडण्याआधी डॉक्टरांना विचारावंच.

प्रशिक्षकाचं काम त्यामानाने सोपं आहे, आणि तरी तेच सर्वात जास्त राहून जातं. संध्याकाळी नेरूळच्या किंवा बेलापूरच्या मैदानावर प्रशिक्षक सूर्याकडे पाठ करून उभा राहिला, तर त्याचा चेहरा काळोखात जातो आणि मुलांना ओठ दिसत नाहीत. त्याने सूर्याकडे तोंड करावं, आधी दाखवावं, मग बोलावं. दोन्ही एकदम नको. शिट्टीबरोबर रंगीत झेंडा उंचावावा. व्हॉलीबॉलमध्ये खेळ थांबवायला पंच जाळी हलवू शकतो. सूचना देताना सगळ्यांनी गोल करावा, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. अमेरिकन फुटबॉलमधली गोल करून उभं राहण्याची प्रथा 1890च्या दशकात वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात सुरू झाली, असं सांगतात. आपल्या खुणा समोरच्या कर्णबधिर संघाला दिसू नयेत म्हणून. आणि संघातल्या ऐकणाऱ्या मुलांनीही ‘थांब’, ‘धाव’, ‘माझा चेंडू’ या खुणा शिकाव्यात. 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारताच्या महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, ते डी. वाय. पाटील स्टेडियम नेरूळचंच. तसं स्टेडियम खचाखच भरलं की ऐकणाऱ्या खेळाडूंनाही एकमेकींच्या हाका ऐकू येत नाहीत आणि हातांच्या खुणांचाच आधार घ्यावा लागतो.

कर्णबधिरांचा वेगळा संघ हवा की सगळ्यांचा मिळून एक? मला दोन्ही हवेत असं वाटतं. मिश्र संघात मूल सोसायटीतल्या पोरांचं होतं. कर्णबधिरांच्या संघात त्याला खुणांची भाषा न थकता बोलता येते आणि आपल्यासारखी मोठी माणसं भेटतात. वाशीतलं महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र किंवा श्रवणदोषावर काम करणारी वांद्र्याची अली यावर जंग संस्था इथे विचारपूस केली, तर अशा ओळखींची सुरुवात होऊ शकते.

त्या मोठ्या माणसांची परंपरा जुनी आहे. कर्णबधिरांचं ऑलिंपिक, म्हणजे डेफलिंपिक्स, 1924 साली पॅरिसमध्ये सुरू झालं. पॅरालिंपिक्सच्या कितीतरी आधी. तिथे धावण्याची शर्यत दिव्यांच्या इशाऱ्यावर सुटते. स्पर्धेत मशीन काढून ठेवावं लागतं, म्हणजे कुणालाच जास्त ऐकू येत नाही. 2022 साली ब्राझीलमध्ये पुण्याच्या प्रियेशा देशमुख यांनी धनुष श्रीकांत यांच्यासोबत एअर रायफलच्या मिश्र गटात सुवर्णपदक मिळवलं. नोव्हेंबर 2025 मध्ये टोकियोत भारताने 20 पदकं जिंकली.

डेफलिंपिक्सच्या पात्रतेसाठी चांगल्या कानाची श्रवणहानी किमान 55 डेसिबल असावी लागते. 500, 1000 आणि 2000 हर्ट्झ या तीन सुरांची सरासरी काढून ती ठरते. आपल्या 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांसाठी ही मर्यादा 60 डेसिबलपासून सुरू होते. म्हणजे 57 डेसिबलचं मूल कायद्याच्या व्याख्येत बसत नसलं, तरी डेफलिंपिक्सच्या या निकषात बसतं. पुढच्या तपासणीच्या वेळी ऑडिओलॉजिस्टकडून ही सरासरी मशीनशिवाय मोजून कागदावर लिहून घ्यावी.