रीफ टँकची ‘सायकल’: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

चंद्रपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही ऊर्जानगरच्या क्वार्टरमधल्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची, प्रवाळ असलेली रीफ टँक मांडता येते. समुद्री मीठ, खडक, पंप, दिवे सगळं कुरियरने येतं. जिवाणूंची वसाहत मात्र टाकीतच वाढवावी लागते. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास ही दोन टप्प्यांची नायट्रीकरणाची क्रिया उलगडली. हे जिवाणू पुरेसे वाढेपर्यंतच्या काळाला हौशी मंडळी ‘सायकलिंग’ म्हणतात.

गैरसमज १ : पाणी नितळ झालं की टाकी तयार.
वस्तुस्थिती : अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही रंगहीन असतात. समुद्री टाकीचा पीएच ८.१ ते ८.३ ठेवावा लागतो. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्याच्या तुलनेत अशा पाण्यात अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट असतो. म्हणून टाकी तयार आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नका. टेस्ट किट वापरा.

गैरसमज २ : सुरुवातीला एखाददुसरा स्वस्त मासा सोडावा, तो तगला तर टाकी चांगली.
वस्तुस्थिती : अमोनियाने माशाच्या कल्ल्यांची जळजळ होते, तगलेला मासाही दुबळा होतो. जिवाणूंना माशाची गरज नसते, अमोनियाची असते. त्यासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड वापरतात. कल्हईवाले वापरतात तो नवसागर हाच, पण बाजारातल्या नवसागरात भेसळ असू शकते. म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचाच घ्यावा. प्रमाण २ पीपीएमच्या आसपास ठेवावं. फार जास्त अमोनियाने जिवाणूंचीच वाढ खुंटते.

गैरसमज ३ : बाटलीतले जिवाणू ओतले की दुसऱ्या दिवशी मासे आणता येतात.
वस्तुस्थिती : चांगल्या बाटलीने वेळ वाचतो, पण बाटली जिवंत हवी. अमोनिया खाणारे जिवाणू बीजाणू बनवत नाहीत, त्यामुळे उष्णता त्यांना सोसत नाही. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा दिवसांत कुरियरच्या गाडीत तापलेली बाटली बहुधा मेलेली निघते. शिवाय काही बाटल्यांत बॅसिलस जातीचे जिवाणू असतात. ते सडका गाळ खातात, पण अमोनियाचं नायट्राइट करण्याचं काम त्यांचं नाही. एरवीचे अनेक जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, तर नायट्रीकरण करणाऱ्यांना त्यासाठी अर्धा ते एक दिवस लागतो. म्हणून बाटलीशिवाय सायकलला साधारण तीन ते सहा आठवडे जातात.

गैरसमज ४ : गोल्डफिशच्या टाकीतला जुना स्पंज टाकला की काम होतं.
वस्तुस्थिती : गोड्या पाण्यातले जिवाणू ३५ पीपीटी क्षारतेत एकदम टाकले तर बहुतेक निकामी होतात. बी हवंच असेल, तर चालू समुद्री टाकीतला स्पंज किंवा सिरॅमिकचे तुकडे ओले ठेवूनच आणावेत. त्यासाठी किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणणं हा गुन्हा आहे. कठीण प्रवाळाच्या सर्व जातींना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे.

गैरसमज ५ : उन्हाळ्यात पाणी घटलं की मीठ कालवलेलं पाणी भरावं.
वस्तुस्थिती : वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. वर खारं पाणी भरत गेलं की क्षारता चढत जाते. कोरड्या हवेत पंखा लावून टाकी थंड ठेवली, तर पाणी अधिकच झपाट्याने आटतं. घट नेहमी साध्या आरओ पाण्याने भरून काढावी. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी थेट ओतलं, तर ज्यांना वाढवायचं तेच जिवाणू मरतात.

गैरसमज ६ : नायट्राइट शून्य झालं की प्रवाळ लावायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : तेव्हा पहिला मासा येऊ शकतो. प्रवाळाला स्थिर कॅल्शियम, क्षारीयता आणि मर्यादित नायट्रेट लागतं. नव्या टाकीत तपकिरी डायटम आणि शेवाळाचा काळ येऊन जातो; तो ओसरू द्यावा. या काळात पाणी बदलायला घाबरू नका. जिवाणू पाण्यात कमी, खडकावर आणि वाळूवर जास्त राहतात.

सायकल संपल्याची कसोटी एकच : २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. ऊर्जानगरसारख्या गावात टाकी मांडायचीच असेल, तर हिवाळ्यात सुरू करा, हीटरने पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवा आणि जिवाणूंची बाटलीही त्याच दिवसांत मागवा.