उन्हाच्या गावातलं आम्ल

बोरीत कातडीवरची मेलेली साल काढायची साधनं घरोघरी आहेत. मोरीत वजरी असते, दिवाळीत उटणं निघतं, लग्नघरी डाळीचं पीठ आणि हळद कालवली जाते. टाचांच्या भेगांना जुन्या बायका अजूनही बिब्ब्याचा चटका देतात. बिब्बा उतला तर अंगावर फोड उठतात हे त्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून त्याला हात लावायच्या आधी बोटांना तेल चोळतात आणि पोराबाळांना लांब बसवतात. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या या गावात आता पार्सलनं काचेच्या छोट्या बाटल्या येऊ लागल्या आहेत. ग्लायकोलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक अशी त्यांवर नावं असतात, बुचाला ड्रॉपर असतो. बिब्ब्याला जो मान मिळतो तो या बाटलीला मिळत नाही, आणि त्याचा त्रास पोरींचे चेहरे सोसतात.

माझी भाची जिंतूरच्या कॉलेजात शिकते आणि सुट्टीत घरच्या कापसाच्या वेचणीला जाते. तिच्या गालांवरचे मुरूम बसले, पण तपकिरी डाग मागे राहिले. परभणीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिला पाच टक्के लॅक्टिक आम्ल सुचवलं आणि वापरायचं कसं ते समजावून सांगितलं. तेव्हापासून तिच्या शेजारी बसून मी ते सगळं बारकाईनं पाहत आले आहे. आधी काळजीपोटी, पुढे त्या कामातली शिस्त आवडली म्हणून.

रात्रीची भांडी झाली की ती तोंड धुते. साबण नाही, सौम्य फेसवॉश. अंगाच्या साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात जातो आणि निरोगी त्वचेचा पाचच्या आसपास असतो. त्यात आमच्या बोरचं पाणी जड, साबण लवकर निघत नाही आणि चेहरा ताणल्यासारखा होतो. अशा चेहऱ्यावर आम्ल लावणं म्हणजे आधीच दुखावलेल्या जागेला पुन्हा डिवचणं. धुऊन झालं की ती सुती पंचानं चेहरा टिपते, घासत नाही. मग बसून राहते. कातडी पूर्ण कोरडी व्हावी लागते, कारण ओलसर कातडीत आम्ल जास्त वेगानं शिरतं. ही वाट पाहणंच सगळ्यात अवघड जातं. त्या वेळात ती नाकपुड्यांच्या कडांना, ओठांच्या कोपऱ्यांना आणि डोळ्यांखाली बोटानं व्हॅसलिन लावून घेते. तिथली कातडी पातळ, आम्ल साचलं की आधी तिथंच सोलवटतं.

थेंब तळहातावर घेते आणि चेहऱ्याला दाबत दाबत लावते. पहिल्या वेळी तिनं चेहऱ्याला लावलंच नव्हतं. कोपराच्या आतल्या बाजूला लावून वाट पाहिली, मग जबड्याच्या कडेला, आणि तिथं काही उठलं नाही तेव्हा गालावर. तेही काही मिनिटं ठेवून धुऊन टाकायचं, रात्रभर ठेवायचं नाही.

"आग व्हायली का नुसतं चुरचुरायलंय?" मी विचारते.

"चुरचुरायलंय, मावशी. कमी होऊ लागलंय."

चुरचुर मिनिटा-दोन मिनिटांत उतरते. आग मात्र वाढत जाते, कातडी लाल किंवा गडद दिसते, गरम लागते. तसं झालं तर उठायचं आणि गार पाण्यानं धुऊन टाकायचं, थोडं अजून सोसून बघू असं म्हणायचं नाही. आमच्याकडच्या बायकांना सोसायची सवय फार. औषध झोंबलं की गुण येतो असा समज पक्का आहे. आम्लाच्या बाबतीत तो समज मोडून काढायलाच हवा.

शेवटी साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर. हे सगळं आठवड्यातून एक रात्र, महिनाभर. काहीच कुरबुर झाली नाही तर दोन रात्री. तिची आजी पलंगावरून बघत असते. "साल काढायलीस का तोंडाची?" असं तिनं एकदा विचारलं, आणि प्रश्न बरोबरच होता.

त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस पापुद्रे असतात. खालून नव्या पेशी वर येतात, वरच्या झडतात. तरुण वयात एका पेशीचा हा प्रवास साधारण चार आठवड्यांचा, वय वाढेल तसा लांबणारा. या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे दुवे आम्ल सैल करतं. एवढंच त्याचं काम. डाग त्यानं खोडला जात नाही, रंग भरलेल्या पेशी थोड्या लवकर गळून पडतात. म्हणून फरक दिसायला महिने लागतात आणि घाई करणाऱ्याच्या हाती काही येत नाही. या आम्लांचा वैद्यकातला वापर सौंदर्यासाठी सुरू झालाही नव्हता. यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या संशोधकांनी १९७४ साली ती वापरून पाहिली ती माशाच्या खवल्यांसारखी कातडी होणाऱ्या रुग्णांवर. सॅलिसिलिक तर आपल्या मेडिकलमध्ये कितीतरी आधीपासून आहे: गजकर्णाच्या मलमात, कोंड्याच्या शांपूत, पायाच्या कुरूपावर चिकटवायच्या पट्टीत. त्या पट्टीत ते चाळीस टक्क्यांपर्यंत असतं आणि चेहऱ्यासाठी दोन टक्क्यांच्या वर जाऊ नये. औषध तेच असलं तरी टाचेचं प्रमाण गालाला चालत नाही.

ग्लायकोलिकचा रेणू सगळ्यात लहान, म्हणून तो पटकन आत शिरतो आणि पटकन झोंबतो. ते उसात सापडतं, पण बाटलीतलं बहुतेक कारखान्यात बनलेलं असतं. तेव्हा 'उसापासून' हे शब्द वाचून निर्धास्त होऊ नये. लॅक्टिकचा रेणू त्याहून मोठा, शिवाय ते ओलावा धरून ठेवतं, म्हणून कोरड्या कातडीला सोसतं. मँडेलिक त्याहूनही संथ. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, त्यामुळे तेलकट छिद्रांत उतरून मुरुमांवर काम करतं; ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यानं मात्र ते टाळावं, आणि दिवस गेलेल्या बाईनं डॉक्टरला विचारल्याशिवाय कुठलंच सुरू करू नये.

बाटलीवरचा टक्का सगळे वाचतात, सामू कुणी वाचत नाही. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या तज्ज्ञ समितीनं १९९०च्या दशकात घरगुती वापरासाठी ग्लायकोलिक आणि लॅक्टिकची मर्यादा घातली ती दोन्ही धरून: दहा टक्क्यांपर्यंत, सामू साडेतीन किंवा त्याहून जास्त, आणि उन्हापासून संरक्षणाची तजवीज असेल तरच. सामू उतरला की तेवढ्याच टक्क्यांचं आम्ल कितीतरी तिखट होतं. तीस टक्क्यांच्या लाल रंगाच्या बाटल्याही पार्सलनं येतात, दहा मिनिटं ठेवा म्हणून. एवढ्या ताकदीचं आम्ल डॉक्टरांच्या खोलीत, घड्याळ लावून आणि नजर ठेवून वापरायची वस्तू आहे. मोबाइलवर वेळ बघत मोरीत उभं राहून ते करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लिंबू चोळणाऱ्यांनाही हेच सांगते. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास असतो आणि तो कातडीवर राहून त्यावर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येऊन काळे चट्टे राहू शकतात.

आणि ऊन तर आमच्याकडे वर्षाचे बहुतेक महिने आहेच. उन्हाळ्यात परभणी जिल्ह्यात पारा चाळीसच्या वर जातो. वेचणीच्या दिवसांत हवा गार असली तरी बाई सकाळपासून दुपार टळेपर्यंत रानात उघड्यावर असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पाहणीत चार आठवडे ग्लायकोलिकसारखी आम्लं लावल्यावर उन्हानं लाल होण्याचं प्रमाण अठरा टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि लावणं थांबवल्यावर आठवड्याभरात ते पूर्वपदावर आलं. या आठवड्याला आमच्यासाठी फार मोल आहे. वेचणीला जायचं असेल तर भाची त्याच्या आधीचा आठवडा बाटलीला हात लावत नाही, आणि वेचणी चालू असेतो तर नाहीच. खुरपणीलाही तोच नियम. तिच्या डॉक्टरबाईंनी बाटलीच्या जोडीला सनस्क्रीन लिहून दिलं होतं आणि परवडणार एकच असेल तर सनस्क्रीन घ्यायचं, असं बजावलं होतं. दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या रेघा ओढाव्यात एवढं ते चेहऱ्याला आणि मानेला लागतं, दर दोन तासांनी पुन्हा. रानात ते जमत नाही, घामानं वाहून जातं. तिथं पदर, स्कार्फ आणि रुंद काठाची टोपी जास्त भरवशाची.

गोऱ्या कातडीला इजा झाली की ती लाल होते आणि बहुधा निवळते. आपली सावळी कातडी इजेला काळ्या डागानं उत्तर देते आणि तो डाग महिनोन् महिने हटत नाही. ज्या डागासाठी आम्ल आणलं, त्याहून मोठा डाग घाईच्या एका रात्रीत पडू शकतो. वांग असलेल्या बायकांचं तर आणखी कठीण. त्यांचा डाग नुसत्या उजेडानंही गडद होतो, तिथं स्वतःच्या मनानं काहीच करू नये.

पार्लरची गोष्ट वेगळीच. गावातल्या पार्लरवाल्या ताई आता भुवया कोरायच्या आधी विचारतात, "तोंडाला काही लावती का गं रात्री?" लावत असेल तर चार-पाच दिवस थांबून ये म्हणतात. आम्लानं सैल झालेली कातडी दोऱ्याबरोबर आणि वॅक्सबरोबर निघून येते. तुळशीचं लग्न झालं की लग्नं सुरू होतात, आणि नवऱ्या मुली हळदीच्या तोंडावर 'उजळ दिसायला' काहीतरी मागतात. ताई त्यांना नाही म्हणतात, गिऱ्हाईक गेलं तरी. सोलवटलेल्या गालाला हळद लागली की पोर मांडवात रडते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

मला खरी भीती वाटते ती आम्लाच्या शेजारी ठेवलेल्या ट्यूबची. चिठ्ठीशिवाय मिळणारी, चार दिवसांत चेहरा उजळवणारी स्टिरॉइडची क्रीम. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. २०१८ मध्ये अशा चौदा स्टिरॉइडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली, तरी ट्यूब अजून हातोहात फिरते. स्टिरॉइडनं कातडी पातळ होते, आणि पातळ कातडीवर आम्ल गेलं की ते भाजून काढतं. कुणी विचारलं की मी आधी ट्यूब आणायला लावते, मगच बाटलीचं बोलते. मुरुमांसाठी रात्री अडॅपलीन किंवा ट्रेटिनॉइन चालू असेल तर त्याच रात्री आम्ल नको.

तरीही कुणाचा चेहरा सोलवटलाच तर करायचं फार थोडं असतं. बाटली, फेसवॉश, ट्यूब, हळद, दही, कोरफड सगळं बंद. साधं पाणी, दिवसातून दोन-तीनदा व्हॅसलिन किंवा साधं मॉइश्चरायझर, आणि उन्हात जाणं नाही. सालपटं ओढायची नाहीत, ती आपोआप गळतात. पाणी सुटलं, फोड आले, सूज डोळ्यांपर्यंत चढली तर त्याच दिवशी परभणी गाठायची आणि बाटली बरोबर न्यायची, म्हणजे डॉक्टरला टक्का वाचता येतो. बाकीच्यांनी चार ते सहा आठवडे थांबायचं. नंतर पुन्हा सुरू करायचं झालं तर कोपराच्या आतल्या बाजूपासून, एका थेंबानं.