रेवत टेकडीतील जड दगड

पूर्वी घरोघरी वापरल्या जाणाऱ्या विजेच्या दिव्यातील बारीक तार टंगस्टन या धातूची असे. ३,४२२ अंश सेल्सियस इतका उच्च वितळणबिंदू अन्य कोणत्याही धातूस लाभलेला नाही. लोखंडाच्या जवळजवळ अडीचपट घनता असलेल्या या धातूचे नावही स्वीडिश भाषेतील 'जड दगड' या अर्थाच्या शब्दांवरून पडले आहे. दिव्यातील ती तार आज मागे पडली असली, तरी कठीण पोलाद कापणारी हत्यारे, खडक भेदणारी छिद्रके आणि संरक्षण सामग्री यांसाठी टंगस्टन अपरिहार्य आहे. अशा या धातूची भारतातील प्रमुख खाण मात्र गेली तीन दशके बंद आहे.

ही खाण राजस्थानातील नागौर जिल्ह्यात, डेगाना गावाजवळील रेवत टेकडीवर आहे. प्राचीन फिलाइट खडकात खालून ग्रॅनाइटचा तप्त रस घुसला. तो थंड होत असताना शेवटी उरलेल्या उष्ण द्रवांत टंगस्टन, लिथियम, फ्लोरिन यांसारखी मूलद्रव्ये एकवटली. हे द्रव खडकांच्या भेगांत शिरून गोठले आणि पांढऱ्या गारेच्या शिरांमध्ये वुल्फ्रॅमाइट हे काळे, जड खनिज तयार झाले. पुढे टेकडीची झीज होऊन पायथ्याच्या गोट्यांच्या थरांतही ते साचले. शिरांमध्ये टंगस्टन ऑक्साइडचे प्रमाण ०.२५ ते ०.५४ टक्के, तर गोट्यांच्या थरांत सरासरी ०.०४ टक्के आढळते. म्हणजेच एक टन गोटे धुतले, तर त्यांत जेमतेम ४०० ग्रॅम ऑक्साइड असते.

इतक्या अल्प प्राप्तीसाठी खाण चालविणे केव्हा परवडते, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात शस्त्रनिर्मितीच्या यंत्रांना टंगस्टनयुक्त पोलादाची निकड भासली आणि तत्कालीन जोधपूर संस्थानातील या टेकडीवर खोदकाम झाले. युद्ध संपताच मागणी ओसरली. १९४२ मध्ये टंगस्टनचा मोठा पुरवठादार असलेला ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तेव्हा डेगान्याचे महत्त्व पुन्हा वाढले. स्वातंत्र्योत्तर काळातही उत्पादन होत राहिले. परंतु स्वस्त चिनी मालापुढे टिकाव न लागल्याने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी काम थांबले. खनिज संपले नव्हते. ते काढण्याचा खर्च मात्र बाजारभावाला पेलेनासा झाला.

महाराष्ट्रातही नागपूर जिल्ह्यातील कुही, खोबना, आगरगाव या पट्ट्यात टंगस्टन आहे. खोबना येथे त्याचे प्रमाण ०.१३ ते ०.३८ टक्के आढळले आहे. नागपुरातच मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोच्या एप्रिल २०१५ च्या नोंदीनुसार देशात सुमारे ८.७४ कोटी टन टंगस्टन धातुक होते आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा सुमारे ९ टक्के होता. तथापि हा सर्व आकडा किफायतशीर उत्खनन सिद्ध न झालेल्या वर्गात मोडत होता. ताळेबंदात मालमत्ता दिसावी, परंतु तिचे रोखीत रूपांतर होऊ नये, तशीच ही अवस्था होय.

जगातील सुमारे चार पंचमांश टंगस्टन चीन काढतो, तर भारताची गरज प्रामुख्याने आयातीवर भागते. जून २०२३ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत टंगस्टनचा समावेश झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली, तेव्हा या परावलंबनाची किंमत स्पष्ट झाली. स्वस्त आयातीमुळे खाण बंद करणे त्या काळच्या हिशेबाने चुकीचे नव्हते. मात्र पुरवठा खंडित होण्याची जोखीम त्या हिशेबात धरली गेली नव्हती. रेवत टेकडीतील धातुकाचा कस तेव्हा होता तेवढाच आज आहे. बदलले आहे ते त्याचे मोल.