एलडीएल अफेरेसिस

एलडीएल अफेरेसिस ही रुग्णाचे रक्त शरीराबाहेरील यंत्रातून फिरवून त्यातील कमी घनतेची लिपोप्रथिने, म्हणजेच एलडीएल, वेगळी काढण्याची उपचारपद्धती आहे. आहार व औषधे यांनी कोलेस्टेरॉल पुरेसे कमी होत नाही अशा हृदयविकाराच्या रुग्णांसाठी ती वापरतात. एलडीएल हे मेदाम्लांचेही वाहक असल्याने या उपचाराचा रक्तातील मेदाम्लांवरही परिणाम होतो.

पार्श्वभूमी

रक्तातील बहुतांश एलडीएल यकृतपेशींवरील ग्राहींमार्फत शोषले जाते. या ग्राहींचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आलेल्या व्यक्तीत हे ग्राही निकामी किंवा अत्यल्प असतात. उपचार न झाल्यास अशा रुग्णाला वयाच्या विशीपूर्वीच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

१९७५ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील गिल्बर्ट थॉम्पसन व सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा संपूर्ण रक्तद्रव बदलण्याचा उपचार प्रसिद्ध केला. त्यात उपयुक्त प्रथिनेही बाहेर जात. १९८१ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे विल्हेल्म स्टोफेल व सहकाऱ्यांनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने फक्त एलडीएल वेगळे करणारी पद्धत मांडली.

कार्यपद्धती

एलडीएलचे कण डायलिसिसच्या पडद्यातून जाण्याइतके लहान नसतात, त्यामुळे येथे वेगळे तंत्र लागते. एका प्रचलित पद्धतीत रक्तपेशी व रक्तद्रव प्रथम वेगळे करतात. रक्तद्रव डेक्स्ट्रान सल्फेटच्या स्तंभातून जाताना एलडीएलवरील धनभारित प्रथिन स्तंभाच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटते. शुद्ध झालेला रक्तद्रव पेशींसह रुग्णाला परत दिला जातो. एका सत्राला साधारण २ ते ४ तास लागतात आणि एलडीएल सुमारे ५० ते ७५ टक्के घटते. नंतर ते पुन्हा वाढत असल्याने उपचार दर १ ते २ आठवड्यांनी करावा लागतो.

मेदाम्लांवरील परिणाम

रक्तातील बहुतेक मेदाम्ले मुक्त नसतात. ती कोलेस्टेरॉल एस्टर, फॉस्फोलिपिड व ट्रायग्लिसराइड या रूपांत लिपोप्रथिनांमध्ये बांधलेली असतात. एलडीएलमधील कोलेस्टेरॉल एस्टरमध्ये लिनोलेइक आम्लाचे प्रमाण मोठे असते. शरीर हे आम्ल स्वतः तयार करू शकत नाही, ते आहारातूनच मिळते. त्यामुळे वर्षानुवर्षे उपचार घेणाऱ्या रुग्णात त्याची कमतरता निर्माण होईल का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

या हानीचा स्थूल अंदाज काढता येतो. रक्तद्रव ३ लिटर आणि एलडीएल कोलेस्टेरॉल प्रति डेसिलिटर ३०० मिलिग्रॅम असेल, तर एलडीएलमध्ये एकूण ९ ग्रॅम कोलेस्टेरॉल असते. त्यातील सुमारे ७० टक्के एस्टररूपात आणि एस्टरमधील निम्मे मेदाम्ल लिनोलेइक आम्ल धरल्यास त्याचे वजन २ ग्रॅमच्या थोडे वर भरते. ६० टक्के एलडीएल काढल्यास सुमारे दीड ग्रॅम लिनोलेइक आम्ल बाहेर जाते. प्रौढांसाठी पुरेसा मानला जाणारा दैनंदिन आहार १२ ते १७ ग्रॅम लिनोलेइक आम्ल देतो. म्हणजे एका सत्राची ही हानी एका दिवसाच्या आहारातील वाट्यापेक्षाही बरीच कमी असते. मात्र स्निग्ध पदार्थ अतिशय कमी खाणाऱ्या रुग्णाच्या आहाराकडे लक्ष देणे आवश्यक असते.

मुक्त मेदाम्ले अल्ब्युमिन या प्रथिनाला जोडलेली असतात आणि अल्ब्युमिन बहुतांशी रक्तातच राहते. उलट, रक्त गोठू नये म्हणून दिलेले हेपॅरिन रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरील लिपोप्रथिन लायपेज हे विकर मोकळे करते. त्यामुळे ट्रायग्लिसराइडचे विघटन होऊन मुक्त मेदाम्ले तात्पुरती वाढू शकतात. उपचारानंतर लगेच घेतलेल्या नमुन्याचा अर्थ लावताना ही बाब विचारात घ्यावी लागते. तांबड्या पेशी रुग्णाला परत मिळतात व त्यांचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. म्हणून त्यांच्या पटलातील मेदाम्ले दीर्घकालीन स्थितीचे अधिक चांगले निदर्शक ठरतात.

मर्यादा

उपचारादरम्यान रक्तदाब कमी होऊ शकतो. डेक्स्ट्रान सल्फेटच्या पद्धतीत एसीई प्रतिबंधक औषधे सुरू असल्यास हा धोका वाढतो. २०१५ पासून उपलब्ध झालेल्या पीसीएसके९ प्रतिबंधक औषधांमुळे अनेक रुग्णांची अफेरेसिसची गरज कमी झाली आहे. ही औषधे एलडीएल ग्राहींमार्फतच काम करतात. त्यामुळे ज्यांच्यात ग्राही जवळजवळ नसतातच, अशा रुग्णांसाठी अफेरेसिसचे महत्त्व टिकून आहे.